‘ने’ म्हणजे ‘हो’!

ग्रीक शिकून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न वाचनाची आवड असलेल्या मंडळींचा : “मग सॉक्रेटिस, प्लेटो मुळातून वाचले असतील?” आणि दुसरा घरच्या मंडळींचा : “त्यानं पोट भरतं का?” पहिल्या प्रश्नाला मी “नाही” म्हटले की विचारणाराचा चेहरा पडतो. काशीला जाऊन गंगेत स्नान न करता परत आलेल्या माणसाकडे पाहावे, तसे ते माझ्याकडे पाहतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा लांबणीचे आहे; ते लेखाच्या शेवटी देईन.

पहिल्या प्रश्नाचा खुलासा मात्र आधीच करून टाकते. मी शिकले ती ग्रीक सॉक्रेटिसाची नव्हे. आज अथेन्सच्या बाजारात भाजीवाला ज्या भाषेत टोमॅटोचा भाव सांगतो, आई ज्या भाषेत मुलाला रागे भरते आणि टॅक्सीवाला ज्या भाषेत सरकारला नावे ठेवतो, ती ही ग्रीक. सॉक्रेटिसाची भाषा या भाषेची खापरपणजी लागते. नाते खरे, रक्तही तेच. पण खापरपणजीशी गप्पा मारायच्या तर निराळा अभ्यास करावा लागतो.

आपल्या मराठी वाचकाला ग्रीस परका नाही. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ साली मराठीत आणले. पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लिसच्या नाटकावरून ‘राजा ओयदिपौस’ लिहिले, ते १९७९ साली. कॉलेजात असताना ही दोन्ही पुस्तके मी वाचली होती. गंमत अशी की ग्रीकांबद्दल इतके वाचूनही, ग्रीक नावाची माणसे अजून जिवंत आहेत, ती जेवतात, भांडतात, कर्जे काढतात आणि कविता लिहितात, हे कोणी सांगितले नव्हते. जॉर्ज सेफेरिस यांना १९६३ साली आणि ओडिसियस एलिटिस यांना १९७९ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जेमतेम एक कोटीच्या आसपास वस्तीचा हा देश. आपल्या विदर्भाची लोकसंख्या त्याच्या दुपटीहून जास्त भरेल!

शिरपूर आणि ‘मले’

माझे गाव शिरपूर जैन. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात ते येते. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातले जैन यात्रेकरू आमच्या गावी येतात. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून नाव ‘अंतरिक्ष’. यात्रेकरूंचे गाव असल्यामुळे गुजराती, मारवाडी, हिंदी या भाषा लहानपणापासून कानांवरून गेलेल्या. घरात मात्र अस्सल वऱ्हाडी. बाबा शाळामास्तर होते, ते शाळेत पुस्तकी मराठी बोलत आणि घरी आले की टोपीबरोबर ती भाषाही खुंटीला टांगून ठेवत. आजीला तर दुसरी बोली ठाऊकच नव्हती. “मले भाकर दे वं”, “कुठी चालली?”, “काऊन रडून राह्यली?” अशा बोलीत आमचे बालपण गेले.

पुढे शिकायला शहरातल्या एका कॉलेजात गेले. पहिल्याच आठवड्यात वर्गात उत्तर देताना तोंडून ‘मले’ निघून गेले आणि सारा वर्ग हसला. शिकवणारे प्राध्यापकही हसले. त्यानंतर तीन वर्षे मी वर्गात फारसे बोललेच नाही. प्रत्येक वाक्य आधी मनात घासूनपुसून घ्यायचे, ‘मले’चे ‘मला’ करायचे, ‘येऊन राह्यला’चे ‘येत आहे’ करायचे, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून जायची. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या पुष्कळ मुलामुलींना हा अनुभव असेल. आजीचा फोन आला की मी खोलीबाहेर जाऊन बोलत असे. मैत्रिणींना ऐकू जाऊ नये म्हणून.

हे सारे सांगण्याचे कारण पुढे येईल. इंग्रजी घेऊन एम. ए. झाल्यावर एका शिष्यवृत्तीची जाहिरात दृष्टीस पडली, आणि २०२२ च्या शरद ऋतूत मी ग्रीसमधल्या थेसालोनिकी या शहरी, ॲरिस्टॉटल विद्यापीठाच्या आधुनिक ग्रीक भाषेच्या विद्यालयात दाखल झाले. परदेशी माणसांना ग्रीक शिकवण्यासाठी हे विद्यालय १९७० पासून चालते. विद्यापीठ स्वतः १९२५ चे. ॲरिस्टॉटल त्या परिसरातला, म्हणून त्याचे नाव.

निघण्यापूर्वी आजीने विचारले, “तिथचे लोक काय पिकवतात वं?” मी म्हणाले, “पाहून येते.” तिचा प्रश्न मला त्या वेळी साधा वाटला होता.

मराठी माणसाची सोय

वर्गात आम्ही पंधरा जण. इजिप्तचे, जॉर्जियाचे, युक्रेनचे, चीनचे आणि हिंदुस्थानची मी एकटी. बाई पहिल्या दिवसापासून ग्रीकच बोलत. पहिला गोंधळ झाला तो ‘ने’ या शब्दाने. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’! आणि ‘नाही’ला म्हणतात ‘ओही’, ज्यात आपल्याला ‘हो’ असल्याचा भास होतो. भाजीवाल्याने विचारावे, “पिशवी हवी का?” आणि आपण मान हलवून “ने, ने” म्हणावे, की तो पिशवी भरून मोकळा! त्यातही हे लोक ‘नाही’ म्हणताना पुष्कळदा शब्दच वापरत नाहीत. भुवया वर करतात आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्यक्’ असा आवाज करतात. हा ‘च्यक्’ मात्र मला ताबडतोब समजला. आमच्या आजीचा नकार अगदी असाच.

पण एकदा हा उलटा ‘ने’ पचला की मराठी माणसाला ग्रीक भाषा बरीच सोयीची आहे, हे मी अनुभवाने सांगते. इंग्रजीत वस्तूला लिंग नाही, हिंदीत दोनच. आपल्यासारखी तीन लिंगे ग्रीकांकडे आहेत. ‘ते घर’, ‘ते पाणी’, ‘ते मूल’ ही तिन्ही आपल्याकडे नपुंसकलिंगी, आणि त्यांच्याकडेही! माझ्या चिनी मैत्रिणीला मूल नपुंसकलिंगी कसे, हे समजावताना बाई दमून गेल्या. मला विचारावेसेच वाटले नाही. हाक मारताना आपण ‘देव’चा ‘देवा’ करतो. ग्रीकही हाक मारताना ‘योर्गोस’चा ‘योर्गो’ करतात. वडील माणसाला ‘तू’ म्हणायचे नाही, ‘तुम्ही’ म्हणायचे, हेही तसेच. आणि ‘चाक’, ‘चूल’, ‘चमचा’ यांतला जो आपला दंततालव्य ‘च’, जो उच्चारताना उत्तरेकडच्या मंडळींची तारांबळ उडते, तो ग्रीकात जसाच्या तसा आहे.

शिवाय जुनी ओळखपाळख. थेसालोनिकीच्या बसच्या पाटीवर पहिल्याच दिवशी मी शब्द वाचला, ‘केंद्रो’. म्हणजे शहराचा मध्यभाग. आपले भूमितीतले ‘केंद्र’ ग्रीकांकडूनच संस्कृतात आले, ते येथे बसच्या पाटीवर भेटले. “किती वाजले?” हे विचारताना ते ‘ओरा’ म्हणतात, आपल्या ज्योतिष्यांची ‘होरा’ तीच. त्यांचे जुने नाणे ‘द्राख्मा’, ते २००२ साली युरो आल्यावर चलनातून गेले. पण त्याच नावाचा वंशज ‘दाम’ आपल्या बोलण्यात अजून खणखणतो आहे. उलट दिशेनेही माल गेलेला आहे. त्यांची ‘झाखरी’ म्हणजे आपली साखर, आणि मिरीला ते ‘पिपेरी’ म्हणतात, त्यात आपली पिंपळी आहे.

हा देवघेवीचा रस्ता फार जुना. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कितीतरी खांब धेनुकाकट नावाच्या ठिकाणच्या ‘यवनां’नी दान दिलेले आहेत, तसे लेख त्या खांबांवर कोरलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडून आलेल्या योनकाने कोरविले. ‘यवन’ हा शब्द ‘आयोनियन’ या ग्रीकांच्या नावावरून आलेला. दोन हजार वर्षांपूर्वी ही माणसे आपल्या डोंगरांत आली, इंद्राग्निदत्तासारखी नावे धारण करून राहिली आणि दानाचे लेख त्यांनी आपल्या लोकांच्या प्राकृतात कोरवून घेतले.

एका देशात दोन भाषा

आता मुख्य गोष्टीकडे वळते. तिसऱ्या महिन्यात बाईंनी आम्हांला शहरातल्या दुकानांच्या पाट्या उतरवून आणायला सांगितल्या. पावाच्या दुकानावर पाटी होती ‘आर्तोपिईओ’. परंतु आत गेलेले एकही गिऱ्हाईक ‘आर्तोस’ मागत नव्हते. सगळे मागत होते ‘प्सोमी’. दोन्हींचा अर्थ पाव! पाण्याला एक ‘इदोर’, एक ‘नेरो’. घराला एक ‘ईकोस’, एक ‘स्पिती’. आपल्याकडे उदक आणि पाणी, गृह आणि घर, तसेच हे. एक शब्द पाटीवरचा, एक पोटातला.

यामागे मोठा इतिहास आहे. १८२१ पासून लढून ग्रीस तुर्कांच्या सत्तेतून मुक्त झाला, तेव्हा नव्या राज्याची भाषा कोणती हा प्रश्न उभा राहिला. विद्वान म्हणाले, लोकांची बोली तुर्की-इटालियन शब्दांनी विटाळलेली. ती धुऊन, प्राचीन रूपे घालून शुद्ध करावी. अशा रीतीने जी भाषा घडवली तिचे नाव ‘काथारेवुसा’, म्हणजे ‘शुद्ध होत असलेली’. कायदे, वर्तमानपत्रे, शाळा, सारे तिच्यात. आणि माणसे घरी बोलत ती ‘दिमोटिकी’, लोकांची. मूल शाळेत गेले की त्याला त्याच्या आईची भाषा अशुद्ध असल्याचे प्रथम शिकवले जाई.

हे वाचताना मला ते कॉलेज आठवले, हे सांगायला नकोच.

या भाषावादाने पुढे माणसे मारली. ग्रीसच्या राणी ओल्गा यांनी १८९७ च्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की बायबल वाचून दाखवले तर मृत्युशय्येवरच्या शिपायाला त्यातले काही कळत नाही. कारण नवा करार ज्या ग्रीकमध्ये आहे ती अठराशे वर्षांपूर्वीची. त्यांनी सोपे भाषांतर करवून घेतले. पाठोपाठ १९०१ च्या शरदात ‘आक्रोपोलिस’ या वर्तमानपत्रात शुभवर्तमानाचे थेट लोकबोलीतले भाषांतर क्रमशः येऊ लागले. धर्म बुडाला, राष्ट्र बुडाले, असा ओरडा झाला. विद्यापीठाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आठ माणसे ठार झाली. पंतप्रधानांना आणि अथेन्सच्या धर्माध्यक्षांना पदे सोडावी लागली. देवाची वाणी आईच्या भाषेत आणली, एवढ्याच कारणावरून!

शिरपूरसारख्या तीर्थक्षेत्री वाढलेल्या मुलीला हे वाचून नवल वाटले आणि वाटलेही नाही. महावीरांनी उपदेश केला तो लोकांना कळावा म्हणून अर्धमागधीत, संस्कृतात नव्हे. तीच अर्धमागधी आज तिच्यातली सूत्रे म्हणणाऱ्या बहुतेकांना अर्थ सांगितल्याशिवाय कळत नाही. लोकभाषा म्हणून जे सुरू होते ते काळाने पवित्र होते, आणि पवित्र झाले की कुलूपबंद होते. आमच्या वऱ्हाडातच, रिद्धपूरला, महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी तेराव्या शतकात शिष्याला बजावले होते की ग्रंथ संस्कृतात नको, माझ्या साध्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. हा विचार आपल्या मातीत किती जुना आहे, याची मला थेसालोनिकीच्या वाचनालयात बसून प्रथम जाणीव झाली. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे.

औषधाच्या डब्यावरचे नाव

पण माझ्या हातातले पुस्तक गळून पडावे अशी गोष्ट निराळीच होती. १९०१ च्या त्या भाषांतराचा कर्ता कोण? आलेक्सांद्रोस पाल्लिस. जन्म पिरेअस बंदरातला, १८५१ सालचा. होमरचे ‘इलियड’ लोकबोलीत आणणारा कवी तो हाच. आणि पोटापाण्याचा उद्योग? व्यापारी पेढीत नोकरी. पेढी कोणती? राली ब्रदर्स. पेढीच्या कामासाठी कुठे कुठे राहिला? मँचेस्टर, लिव्हरपूल आणि मुंबई!

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन पाहा. सपरीत औषधाच्या रिकाम्या डब्यांवर ‘रॅलीज’ हे नाव असतेच. मीही ते लहानपणापासून पाहत आले. टाटा समूहातली ही आजची रॅलीज इंडिया कंपनी त्याच जुन्या पेढीची वारस. खिऑस बेटावरच्या राली घराण्यातल्या भावांनी ही पेढी लंडनमध्ये थाटली. १८५१ मध्ये ती कलकत्त्याला आणि १८६१ मध्ये मुंबईला आली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. आमच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या बंडीतला कापूस ज्या परदेशी पेढ्या विकत घेत, त्यांत राली ब्रदर्स मोठी.

आणि पाल्लिस एकटा नव्हता. बेटांवरच्या साध्या माणसांच्या कथा लोकबोलीत लिहिणारा आर्गिरिस एफ्तालिओतिस हाही राली ब्रदर्सच्या नोकरीत मुंबईला होता. तिसरा पेत्रोस व्लास्तोस. त्याचा जन्मच कलकत्त्याचा, १८७९ चा, आणि नोकरी पुन्हा राली ब्रदर्सचीच. लोकबोलीच्या चळवळीचे तीन मोठे सेनानी कापसाच्या आणि धान्याच्या हिशेबवह्या लिहून उरलेल्या वेळात आपल्या मातृभाषेसाठी झगडत होते. मायदेशातल्या पंडितांच्या रागापासून ते समुद्रापलीकडे होते, आणि पगार पेढीकडून मिळत असल्यामुळे कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. वऱ्हाडच्या बोंडातून निघालेल्या पैशातले काही दाम असे ग्रीसच्या लोकबोलीच्या कामी आले!

त्या झगड्याचा शेवट गोड झाला, पण फार उशिरा. १९४१ साली मानोलिस त्रियान्दाफिल्लिदिस या थेसालोनिकीच्याच माजी प्राध्यापकाचे लोकबोलीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. १९६७ ते १९७४ या लष्करी राजवटीत ‘शुद्ध’ भाषेची पुन्हा सक्ती झाली. ती राजवट कोसळल्यावर १९७६ साली कायद्याने लोकबोली ही शिक्षणाची आणि कारभाराची भाषा ठरली. १९८२ मध्ये अक्षरांवरची, उच्चारात नसलेली जुनी चिन्हे रद्द झाली. आपल्याकडे १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, अगदी तसेच. आणि तिकडेही वडील मंडळी अजून हळहळतात!

पऱ्हाटी तीच

ऑक्टोबरात मी एका वर्गमैत्रिणीबरोबर थेसाली प्रांतातल्या तिच्या आजोळी गेले होते. लारिसा शहर मागे पडले आणि खिडकीतून पाहते तो दोन्ही बाजूंना मैलोगणती पांढरीशुभ्र पऱ्हाटी! युरोपीय संघात पिकणाऱ्या कापसातला बहुतेक कापूस एकट्या ग्रीसमध्ये होतो, हे मला त्या दिवशी कळले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर फुटून उभे होते.

मैत्रिणीचे मामा शेतकरी. तिकडे वेचणी यंत्राने होते, परंतु त्यांची आई तरुणपणी हाताने वेचत असे, कमरेला ओटी बांधून, आमच्या बायकांसारखीच. कापसाला ते ‘वाम्वाकी’ म्हणतात. बोंडाला म्हणतात ‘कारिदी’, म्हणजे अक्रोड. फार समर्पक वाटले मला. हिरवे बोंड खरोखर अक्रोडासारखेच दिसते. मी त्यांना आमच्या सीतादहीबद्दल सांगितले : पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, आणि मगच वेचणीला हात लावतात. मामांनी टोपी काढून ऐकले.

जेवताना मामांनी पाव मागितला, तो ‘प्सोमी’ म्हणून नव्हे तर ‘प्सुमी’ म्हणून. उत्तर ग्रीसच्या बोलीत असे स्वर बदलतात. माझी मैत्रीण, शहरात शिकलेली, खुदकन हसली आणि माझ्या कानात म्हणाली, “मामांचे ग्रीक जरा गावंढळ आहे हं!” मामा गप्प झाले. त्यांचा तो चेहरा मला ओळखीचा होता.

म्हणजे पाहा! ज्या लोकबोलीसाठी माणसांनी शंभर वर्षे भांडण केले, ती जिंकली. आणि जिंकताच शहराची झाली. तिच्याही खाली आणखी एक बोली उरली, जिला हसायचे असते. प्रमाणभाषा लागतेच, बाबा ती शाळेत शिकवत होते, मी आज ती लिहिते आहे, आणि ती नसती तर शिरपूरचे हे म्हणणे वाचकांपर्यंत पोचले नसते. पण प्रमाणभाषा म्हणजे गावाबाहेरची सडक. सडकेने परगावी जाता येते; म्हणून घराच्या अंगणाला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात, मी परत आल्यावर, ‘डॅनियल’ वादळाने थेसालीचे मैदान पाण्याखाली गेले. मैत्रिणीचा निरोप आला, मामांचा वेचणीला आलेला कापूस बुडाला. मी आजीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्यायले सांग, औंदा पानी लय झालं तं पुढच्या साली जमीन बरी पिकते.” मी तो निरोप ग्रीक करून पाठवला. विद्यापीठाने दिलेले प्रमाणपत्र भिंतीवर आहे. पण ग्रीक शिकल्याचे सार्थक मला त्या एका वाक्याने वाटले.

मागे वळून पाहू नये

संस्कृतीच्या तासाला एकदा प्रत्येकाने आपापल्या गावची गोष्ट सांगायची होती. मी शिरपूरची सांगितली : श्रीपाल राजाचा कोड तळ्याच्या पाण्याने बरा झाला, त्या तळ्यातून पार्श्वनाथाची मूर्ती निघाली, वासरांच्या गाड्यातून ती नेताना मागे वळून पाहू नये अशी आज्ञा होती, राजाला शंका आली, त्याने वळून पाहिले आणि मूर्ती तिथेच अधांतरी राहिली. वर्गातली ग्रीक साहाय्यक मुलगी ताडकन म्हणाली, “ओर्फेअस!” त्यांच्या पुराणातला गायक ओर्फेअस आपली बायको पाताळातून आणताना असाच वळून पाहतो आणि तिला कायमचा मुकतो. कोणाची गोष्ट कोणाकडून आली याचा शोध पंडितांनी घ्यावा. मला मात्र दोन्ही गोष्टींत एक फरक दिसला. ओर्फेअसची बायको गेली ती गेली. आमच्या राजाची मूर्ती जागेवर राहिली आणि तिथे गाव वसले.

उलट दिशेने आलेल्या एका विद्यार्थ्याचीही ओळख येथे करून देते. दिमित्रिओस गालानोस, अथेन्सचा. १७८६ साली तो कलकत्त्याला ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांचा मास्तर म्हणून आला, मग काशीला जाऊन संस्कृत शिकला आणि चाळीस वर्षे तिथेच राहून १८३३ मध्ये वारला. भर्तृहरी, भगवद्गीता हे सारे त्याने ग्रीकात नेले. हस्तलिखिते त्याने अथेन्सला पोचवण्याची व्यवस्था केली. त्याच्या नावाने २००० साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ग्रीक अध्ययनाचे अध्यासन स्थापन झाले. तेव्हा मुलांनी हा विषय काढला तर वेडगळ म्हणून हसू नये, एवढेच आईबापांना सांगणे.

आता दुसरा प्रश्न

“त्यानं पोट भरतं का?” सरळ उत्तर : नाही. माझे पोट इंग्रजी शिकवून भरते. ग्रीकचे ऋण मी निराळ्या रीतीने फेडते आहे.

थेसालोनिकीच्या त्याच विद्यापीठात त्रियान्दाफिल्लिदिस यांच्या नावाच्या संस्थेने लोकांच्या चालू भाषेचा मोठा कोश १९९८ साली काढला. तो चाळताना मनात येई, आजीच्या शब्दांचे काय? गावी परतल्यावर मी दोनशेपानी वही घेतली आणि रोज संध्याकाळी आजीजवळ बसू लागले. डवरणी, वखर, पाती, वेचा, सरकी इथपासून सुरुवात झाली. मग आभाळाचे शब्द, पावसाचे शब्द, दुखण्याचे शब्द, लेकीला सासरी पाठवतानाचे शब्द. आधी ती लाजायची. “कायले लिवतं बाई हे? हे काय बोलनं हाय?” मी तिला पाल्लिसची गोष्ट सांगितली, कापसाच्या पेढीतला माणूस आपल्या आईच्या बोलीसाठी कसा भांडला ती. तिने विचारले, “त्यालेबी हासत होते का?” मी म्हणाले, “आजी, त्याच्यापायी तं गोळ्या चालल्या.” त्यानंतर तिने लाजणे सोडले.

आजी गेल्या पौषात गेली. वहीत एक हजार एकशे चाळीस शब्द झाले आहेत. काही शब्दांपुढे अर्थाची जागा कोरी आहे. ‘उद्या सांगतो’ म्हणून तिने ठेवलेली. गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन मी त्या जागा भरते आहे, आणि वर्गात कोणा खेड्यातल्या मुलीच्या तोंडून ‘मले’ निघाले तर उत्तर पूर्ण होईपर्यंत कोणाला हसू देत नाही.

दिवाळीला घरोघरी माणसे एकत्र येतात. फराळाची ताटे होतील, गावाकडची वडील मंडळी येतील, पोरांना काही शब्द कळणार नाहीत आणि ती हसतील. त्या वेळी एखादा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवावी, आणि म्हातारीला नीट विचारावे, “आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात?” ती नक्की सांगेल. “लिहून घेऊ का?” असे विचारल्यावर बहुधा आधी ‘च्यक्’ करील, मग “ने” म्हणेल, मराठीतला ‘घेऊन जा’ या अर्थाचा. तो ग्रीक अर्थाने घ्यायलाही हरकत नाही.